सासष्टीचे फादर स्टीफन्स आणि त्यांची शिकवणीची पुस्तके

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ‘क्रिस्तपुराण’ या ग्रंथाला मानाचे स्थान आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी एका इंग्रज धर्मोपदेशकाने ओवीबद्ध मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचावा, ही घटना आजही अभ्यासकांना विस्मयकारक वाटते. तथापि या ग्रंथाच्या कीर्तीमुळे त्याच लेखकाच्या दुसऱ्या एका कार्याकडे काहीसे दुर्लक्ष झाले आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे कवी तर होतेच. परंतु प्रथमतः ते शिक्षक होते. खेड्यापाड्यांतील मुलांना कॅथलिक धर्माची तत्त्वे त्यांच्या घरच्या बोलीत समजावीत, यासाठी त्यांनी कोकणीत एक प्रश्नोत्तरी तयार केली. नव्याने येणाऱ्या धर्मोपदेशकांना लोकांची भाषा शिकता यावी, म्हणून त्या भाषेचे व्याकरण लिहिले. आणि प्रौढ श्रोत्यांसाठी मराठीत पुराण रचले. तीन प्रकारचे वाचक आणि त्यांच्यासाठी तीन वेगवेगळी पुस्तके, अशी ही योजना होती.

या पुस्तकांचा विषय धार्मिक असला, तरी त्यांतून उभा राहणारा प्रश्न सर्वच शिक्षणाचा आहे. शिकविणारा परका, शिकणारा स्थानिक. ज्ञान एका भाषेतील, घर दुसऱ्या भाषेचे. मग हे अंतर कसे तोडावयाचे? चारशे वर्षांपूर्वी एका माणसाने या प्रश्नाचे उत्तर कसे शोधले आणि पुढे त्या उत्तराचे काय झाले, हे जाणून घेणे उद्बोधक ठरेल.

विल्टशायर ते गोवा

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातील बुश्टन या गावी एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीत इंग्लंडमध्ये कॅथलिक पंथीयांवर कडक निर्बंध होते. कॅथलिक धर्मोपदेशक होऊ इच्छिणाऱ्या तरुणाला देश सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. स्टीफन्स रोमला गेले आणि १५७५ मध्ये तेथे येशूसंघात म्हणजे जेझुइट संघात दाखल झाले. पुढे भारतात कार्य करण्यासाठी त्यांची निवड झाली.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बन बंदरातून पाच जहाजांच्या ताफ्याबरोबर निघाले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचले. या साडेसहा महिन्यांच्या प्रवासाचे वर्णन त्यांनी १० नोव्हेंबर १५७९ रोजी वडिलांना लिहिलेल्या पत्रात केले आहे. वाटेत दीडशेहून अधिक प्रवासी आजारी पडले व त्यांपैकी २७ दगावले, असे ते लिहितात. रिचर्ड हॅक्लूट यांच्या प्रसिद्ध प्रवासवर्णन-संग्रहात हे पत्र छापले गेल्याने ते टिकून राहिले. भारतात येऊन कायमचे वास्तव्य करणारे पहिले ज्ञात इंग्रज म्हणून स्टीफन्स यांचा उल्लेख केला जातो.

१५८० मध्ये गोव्यात त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि त्यांची नेमणूक सासष्टी महालात झाली. मुंबईजवळील साष्टी बेटाशी या सासष्टीची गल्लत होऊ नये. गोव्याच्या दक्षिणेकडील हा महाल सहासष्ट गावांचा म्हणून सासष्टी या नावाने ओळखला जाऊ लागला. मडगाव हे त्याचे मुख्य ठाणे. मडगावच्या जेझुइट महाविद्यालयाचे प्रमुखपदही स्टीफन्स यांनी सांभाळले. १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, ते गोव्यातच राहिले. मायदेशी परतले नाहीत.

काळाची दुसरी बाजू

स्टीफन्स यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना त्या काळाची दुसरी बाजू नजरेआड करून चालणार नाही. पोर्तुगीज सत्तेने १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन केले. १५६७ मध्ये सासष्टीतील मंदिरे मोठ्या प्रमाणावर पाडण्यात आली. देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळविण्यात आले. जुन्या पोथ्या बाळगण्यास व वाचण्यास मनाई झाली. अनेक कुटुंबांनी आपली दैवते घेऊन नदीपलीकडच्या, पोर्तुगीज अंमलाबाहेरील प्रदेशात स्थलांतर केले. फोंडा परिसरातील कित्येक देवस्थानांचा इतिहास या स्थलांतराशी निगडित आहे.

या दडपणाला प्रतिकारही झाला. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे गावकऱ्यांनी पाच जेझुइट धर्मोपदेशकांना व त्यांच्या काही सोबत्यांना ठार केले. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी म्हणून असोळणे येथील किल्ल्यात बोलावून त्यांची कत्तल केली. स्टीफन्स त्या वेळी सासष्टीतच कार्य करीत होते. ज्या सत्तेच्या आश्रयाने ते आले, त्याच सत्तेने लोकांची जुनी पुस्तके हिरावून घेतली होती. त्यांच्या लेखनामागील परिस्थिती समजून घेताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. किंबहुना त्यांच्या सर्वांत मोठ्या ग्रंथाचा उगमच या पोकळीत आहे, हे पुढे दिसून येईल.

प्रश्नोत्तरीची परंपरा

कॅथलिक धर्मशिक्षणात प्रश्नोत्तरीला फार महत्त्व आहे. धर्माची मूलतत्त्वे, मुख्य प्रार्थना, दहा आज्ञा, संस्कार, पाप-पुण्याचा विचार हे सर्व थोडक्यात, पाठ करता येईल अशा वाक्यांत मांडणे, हा या पुस्तकांचा हेतू असतो. सोळाव्या शतकात युरोपात छपाईचा प्रसार झाला आणि ट्रेंट येथील धर्मसभेने (१५४५ ते १५६३) सामान्य जनांच्या धर्मशिक्षणावर भर दिला. त्यामुळे अशी पुस्तके मोठ्या संख्येने निघू लागली. पोर्तुगीज भाषेत फादर मार्कुस जॉर्ज यांची मुलांसाठी लिहिलेली प्रश्नोत्तरी विशेष लोकप्रिय झाली.

भारतात या कार्याचा पाया फ्रान्सिस झेव्हियर यांनी घातला. १५४२ च्या मे महिन्यात ते गोव्यात आले. हातात घंटा घेऊन ते रस्त्यांतून फिरत, मुलांना गोळा करीत आणि प्रार्थना चालीवर म्हणवून घेत. मुलांनी घरी जाऊन तेच आईवडिलांना शिकवावे, अशी त्यांची पद्धत होती. १५५६ मध्ये गोव्यात छापखाना आला आणि १५५७ मध्ये झेव्हियर यांची छोटी प्रश्नोत्तरी छापली गेली. तिची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुढे फादर हेन्रिके हेन्रिकेस यांनी तमिळ भाषेचा सखोल अभ्यास करून तयार केलेली प्रश्नोत्तरी १५७८ मध्ये कोल्लम येथे तमिळ लिपीत छापण्यात आली. भारतीय लिपीत, भारतीय भूमीवर छापलेले हे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने पुस्तक होय.

मुलांसाठी कोकणी पुस्तक

सासष्टीतील मुलांची अडचण निराळी होती. त्यांच्या घरी कोकणी बोलली जाई. पोर्तुगीज भाषेत पाठ केलेली उत्तरे त्यांच्या ओठांवर येत. पण त्यांचा अर्थ उमजत नसे. स्टीफन्स यांनी मार्कुस जॉर्ज यांच्या पुस्तकाच्या आधारे कोकणीत प्रश्नोत्तरी रचली. ‘दोत्रिना क्रिस्तां’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पुस्तकाच्या शीर्षकातच, मुलांना शिकविण्यासाठी ते संवादाच्या रूपाने मांडले आहे, असा स्पष्ट उल्लेख आहे. भाषेचे नाव तेथे ‘ब्राह्मण कानारी’ असे दिले आहे. म्हणजे गोव्यातील ब्राह्मण समाजाच्या बोलण्यातील कोकणी होय. हे पुस्तक लेखकाच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १६२२ मध्ये, राशोल येथील जेझुइट महाविद्यालयात छापले गेले. कोकणी भाषेतील आज उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने छापील पुस्तक आहे.

भाषांतरकाराला येथे प्रत्येक पावलावर एक निर्णय घ्यावा लागतो. धर्मातील एखाद्या कल्पनेला लोकांच्या वापरातील शब्द योजावा, तर त्या शब्दाबरोबर त्याचा जुना अर्थही येतो. परका शब्द तसाच ठेवावा, तर घोटाळा टळतो. पण ऐकणाऱ्याला काहीच बोध होत नाही. स्टीफन्स यांनी या दोहोंचा मेळ घातला. परमेश्वर, वैकुंठ, मुक्ती यांसारखे या भूमीत रुजलेले शब्द त्यांच्या लेखनात मुक्तपणे येतात. उलट चर्चचे विशिष्ट विधी व पदे यांसाठी त्यांनी पोर्तुगीज व लॅटिन शब्दांचा आश्रय घेतला. क्रूस, पाद्री, सांत, इगर्ज हे शब्द आजही गोव्याच्या बोलण्यात सहज ऐकू येतात. परिभाषा घडविण्याचे काम हाती घेणाऱ्या कोणालाही हा पेच नवा वाटणार नाही. शासनव्यवहार, विधी, कृषी अथवा आरोग्य या विषयांवर सोप्या भाषेत लिहिताना आजही हाच विचार करावा लागतो.

प्रश्नोत्तराच्या या पद्धतीला मर्यादाही आहेत. प्रश्न ठरलेला आणि उत्तरही ठरलेले, अशा शिकवणीत मुलाच्या स्वतःच्या शंकेला फारसा वाव राहत नाही. स्टीफन्स यांना ही मर्यादा जाणवली असावी, असे त्यांच्या पुराणाच्या प्रस्तावनाप्रसंगावरून वाटते.

पुराणाची मागणी

‘क्रिस्तपुराणा’च्या पहिल्या अवस्वरूत, म्हणजे अध्यायात, एक प्रसंग येतो. सासष्टीतील एका चर्चमध्ये रविवारी पाद्री मुलांना दोत्रिना शिकवीत आहेत. तेव्हा श्रोत्यांतील एक ब्राह्मण उठून उभा राहतो. ही शिकवण चांगली आहे, असे तो मान्य करतो. परंतु तेवढ्याने आमचे समाधान होत नाही, असे सुचवितो. आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी वाचावयास दुसरी पुराणे आम्हांस का देत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. पाद्री हे म्हणणे मानतात आणि त्यातून पुराणकथनास प्रारंभ होतो.

हा प्रसंग कल्पित असो वा घडलेला. त्यातील जाण महत्त्वाची आहे. पाठांतराचे पुस्तक मुलाला पुरेल. पण कथा, कीर्तन आणि पोथीच्या श्रवणावर वाढलेल्या समाजाला ते पुरे पडणार नाही. एखाद्या समाजाची जुनी पुस्तके काढून घेतली, तर तेथे निर्माण होणारी उणीव नियमांनी भरून येत नाही. आपल्या लेखनातच एका श्रोत्याच्या तोंडी ही तक्रार घालून स्टीफन्स यांनी ती नोंदवून ठेवली, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक आहे.

हे पुराण प्रथम १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात ३६ अवस्वरू असून विश्वोत्पत्तीपासून ख्रिस्तपूर्व संदेष्ट्यांपर्यंतचा कथाभाग आहे. दुसऱ्या भागात ५९ अवस्वरू असून त्यांत येशू ख्रिस्ताचे चरित्र आहे. ज्ञानेश्वर व एकनाथ यांच्या ओवीचे संस्कार या रचनेवर स्पष्ट दिसतात. पहिल्याच अवस्वरूत मराठी भाषेची स्तुती आहे. रत्ने, फुले, सुगंध, पक्षी, वृक्ष यांच्या उपमा देऊन कवीने इतर भाषांत मराठीचे श्रेष्ठत्व वर्णिले आहे. हा भाग पुढे शालेय पाठ्यपुस्तकांतून अनेक पिढ्यांच्या परिचयाचा झाला.

भाषेची निवडही विचारपूर्वक केलेली आहे. ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत स्टीफन्स यांनी आपली भूमिका मांडली आहे. ईश्वरविषयक गोष्टी सांगण्यास मराठी योग्य आहे. पण शुद्ध मराठी सर्वांना समजणार नाही. म्हणून जुन्या कवींचे कठीण शब्द टाळून प्रचलित बोलीतील सोपे शब्द मिसळले आहेत, असा त्यांच्या निवेदनाचा सारांश आहे. मुलांसाठी घरची कोकणी, पोथीसाठी परिचित मराठी आणि तीही श्रोत्यांना झेपेल अशी, हा विवेक कोणत्याही शिक्षकाला अनुकरणीय वाटेल.

सहाशे खिळ्यांचा प्रश्न

स्टीफन्स यांची ही सर्व पुस्तके मात्र देवनागरीत नव्हे, तर रोमन लिपीत छापली गेली. याचे कारण त्यांची अनास्था नव्हे. ५ डिसेंबर १६०८ रोजी त्यांनी रोममधील संघप्रमुख क्लाउदियो आक्वाविवा यांना एक पत्र लिहिले. या प्रांताच्या भाषेत व लिपीत पुस्तके छापली जावीत, अशी आपली अनेक वर्षांची इच्छा असल्याचे त्यांनी त्यात नमूद केले आणि मलबारात अशी पुस्तके निघून लोकांचा मोठा लाभ झाल्याचा दाखला दिला. अडचणी दोन होत्या. युरोपातील लिपीला अवघे चोवीस साचे पुरतात, तर येथील लिपीला सहाशेच्या आसपास साचे ओतावे लागतील, ही पहिली अडचण. वरिष्ठांच्या आज्ञेवाचून व अनुकूलतेवाचून हे काम हाती घेता येत नाही, ही दुसरी.

सहाशे ही संख्या अवास्तव नव्हती. देवनागरीतील स्वर, व्यंजने, प्रत्येक व्यंजनाची बाराखडी आणि असंख्य जोडाक्षरे यांतील प्रत्येक आकार स्वतंत्र खिळा म्हणून पाडावयाचा म्हटले, तर संख्या तेथपर्यंत सहज जाते. मात्रा, वेलांट्या आणि अर्धी अक्षरे सुटी पाडून खिळ्यांची संख्या कमी करण्याची युक्ती बरीच पुढची आहे. स्टीफन्स यांची इच्छा अपुरीच राहिली. सेरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळे वापरून छापले गेले ते १८०५ मध्ये, म्हणजे या पत्रानंतर १९७ वर्षांनी.

लिपी मिळाली नाही, तेव्हा जेझुइट लेखकांनी हाती असलेल्या लिपीतूनच मार्ग काढला. रोमन अक्षरांना त्यांनी पोर्तुगीज उच्चार दिले. उदाहरणार्थ, ‘श’ या ध्वनीसाठी त्यांनी पोर्तुगीज रूढीप्रमाणे ‘एक्स’ हे अक्षर योजले. ट, ड, ण, ळ हे मूर्धन्य ध्वनी युरोपीय लिपीत नसल्याने त्या-त्या अक्षराचे द्वित्व करून ते दाखविले. ‘पुराण’ या शब्दातील ‘ण’ दोन ‘एन’ लिहून दर्शविला जाई. आजही गोव्यात रोमन लिपीत कोकणी लिहिली व छापली जाते. तिची मुळे या प्रयत्नांपर्यंत पोहोचतात. तथापि या लिपीचा एक परिणाम असाही झाला की, देवनागरी व मोडी जाणणाऱ्या उर्वरित महाराष्ट्रातील वाचकांपर्यंत ही पुस्तके दीर्घकाळ पोहोचू शकली नाहीत.

शिकविणाऱ्यांसाठी व्याकरण

मुलांसाठी पुस्तक तयार झाले, तरी ते शिकविणाऱ्याला भाषा येत नसेल तर त्याचा उपयोग काय? युरोपातून येणारे धर्मोपदेशक ही भाषा जाणत नसत. त्यांच्यासाठी स्टीफन्स यांनी पोर्तुगीजमधून कोकणीचे व्याकरण लिहिले. फादर दियोगु रिबेरु व अन्य धर्मोपदेशकांनी त्यात भर घातली आणि १६४० मध्ये राशोल येथे ते छापण्यात आले. आधुनिक भारतीय भाषेचे हे पहिले छापील व्याकरण मानले जाते.

भाषांकडे पाहण्याची स्टीफन्स यांची दृष्टी किती चौकस होती, याचा पुरावा याहून जुना आहे. २४ ऑक्टोबर १५८३ रोजी आपला भाऊ रिचर्ड याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांसारखी असल्याचे निरीक्षण नोंदविले आहे. याच साम्याची शास्त्रीय मांडणी सर विल्यम जोन्स यांनी कोलकाता येथे केली ती १७८६ मध्ये, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षांनी.

स्टीफन्स यांनी घालून दिलेला मार्ग पुढे इतरांनीही अनुसरला. फादर रिबेरु यांचे धर्मतत्त्वांचे विवरण १६३२ मध्ये प्रसिद्ध झाले. फ्रेंच जेझुइट एत्येन द ला क्रुआ यांनी संत पीटर यांच्या चरित्रावर मराठीत मोठा पद्यग्रंथ रचला. तो १६२९ पासूनच्या काही वर्षांत छापला गेला. फादर आंतोनियु द सालदान्य यांची ‘सांतु आंतोनीची जीवित्वकथा’ १६५५ मध्ये निघाली. ‘क्रिस्तपुराणा’च्या १६४९ व १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. अर्ध्या शतकाच्या काळात गोव्यातून लोकभाषांतील ग्रंथांची अशी मालिकाच बाहेर पडली.

बंदी आणि विस्मरण

ही परंपरा खंडित होण्यास फार काळ लागला नाही. लोकभाषेतून शिक्षण द्यावे की राज्यकर्त्यांची भाषाच लोकांवर लादावी, याविषयी पोर्तुगीज राजवटीत मतभेद होते. कालांतराने दुसऱ्या मताचा पक्ष वरचढ ठरला. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द ताव्होरा यांनी एक फर्मान काढले. लोकांनी कोकणी सोडून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज भाषा बोलावयास शिकावे, असा त्याचा आशय होता. लोकांच्या तोंडची भाषा फर्मानाने नाहीशी होत नाही, हे पुढील काळाने सिद्ध केले. परंतु त्या भाषेतील लिखित परंपरेची मात्र अपरिमित हानी झाली. गोव्यातील छपाईही थंडावली. १८२१ मध्ये सरकारी ‘गॅझेता द गोवा’ हे पत्र निघेपर्यंत तेथे छापखान्याचे नाव उरले नव्हते.

स्टीफन्स यांच्या जुन्या पुस्तकांची जी वाताहत झाली, ती विचार करावयास लावणारी आहे. ‘क्रिस्तपुराणा’च्या सतराव्या शतकात तीन आवृत्त्या निघाल्या, परंतु त्यांपैकी एकाही छापील प्रतीचा आज ठावठिकाणा नाही. ग्रंथ टिकला तो लोकांमुळे. गोव्यातून स्थलांतर करून मंगळूरच्या परिसरात स्थायिक झालेल्या कॅथलिक कुटुंबांनी आपल्याबरोबर त्याच्या हस्तलिखित प्रती नेल्या. चर्चमध्ये व घरोघरी त्यांचे वाचन होत राहिले. वाचणारे होते, म्हणून नकला होत राहिल्या. आणि नकला झाल्या, म्हणून ग्रंथ वाचला.

पुनरुद्धार

एकोणिसाव्या शतकात या वाङ्मयाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. कुन्य रिव्हारा या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १८५७ मध्ये स्टीफन्स यांच्या व्याकरणाचे पुनर्मुद्रण केले व कोकणीच्या इतिहासाचा शोध घेतला. शासकीय सेवेत राहून स्थानिक भाषेच्या जतनासाठी केलेल्या कार्याचे हे एक चांगले उदाहरण होय. १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी उपलब्ध हस्तलिखिते ताडून ‘क्रिस्तपुराणा’ची रोमन लिपीतील आवृत्ती मंगळूर येथे प्रसिद्ध केली. लंडन येथील मार्सडेन संग्रहात या ग्रंथाची देवनागरी हस्तलिखित प्रत असल्याचेही विसाव्या शतकात उजेडात आले. १९४५ मध्ये प्रा. मारियानु सालदान्य यांनी १६२२ च्या प्रश्नोत्तरीची प्रतिमुद्रित आवृत्ती लिस्बन येथून प्रसिद्ध केली.

मराठी वाचकाला हे पुराण स्वतःच्या लिपीत सुलभपणे वाचावयास मिळाले ते १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांच्या पुणे येथून प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीमुळे. पहिल्या छपाईनंतर तोवर ३४० वर्षे लोटली होती. अ. का. प्रियोळकर यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय मुद्रणाच्या इतिहासात गोव्यातील छापखाना व स्टीफन्स यांचे १६०८ चे पत्र यांची साक्षेपी चर्चा केली. पुढे फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ती १९९६ मध्ये मुंबईहून निघाली. फादर नेल्सन फालकाव यांनी २०१२ मध्ये मूळ संहितेसह इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला.

आजच्या दृष्टीने

फादर स्टीफन्स यांच्या कार्याकडे केवळ एका पंथाच्या इतिहासातील घटना म्हणून पाहणे अपुरे ठरेल. त्यांचा उद्देश धर्मप्रसाराचा होता आणि तो एका कठोर राजवटीच्या छायेत पार पडला, हे मान्य करूनही काही गोष्टी उरतात. शिकविण्याआधी शिकणाऱ्याची भाषा शिकावी. पुस्तक कोणासाठी आहे ते ठरवून त्याची भाषा ठरवावी. शिक्षकाच्या हाती साधन द्यावे. आणि वाचकाची तक्रार ऐकून पुढचे पुस्तक लिहावे, हा क्रम त्यांनी चाळीस वर्षांच्या अनुभवातून आखला होता.

आपल्या राज्यातही घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांतील अंतर ही अपरिचित बाब नाही. सातपुड्यात पावरी व भिली, विदर्भात गोंडी व कोरकू, पालघर भागात वारली, सीमाभागात कन्नड वा तेलुगू बोलणारी मुले शाळेत येतात, तेव्हा पहिलीच्या वर्गातील शिक्षकापुढे सासष्टीच्या पाद्रीपुढचाच प्रश्न उभा असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये, शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंतचे शिक्षण घरच्या वा परिसराच्या भाषेतून व्हावे, असे म्हटले आहे. धोरण कागदावर उतरले, तरी ते वर्गात उतरविण्यासाठी मुलाचे शब्द जाणणारा शिक्षक आणि त्या शब्दांत लिहिलेले छोटे पुस्तक यांची गरज भासते. गावातील जाणती मंडळी, बोली जाणणाऱ्या आज्या व अंगणवाडी सेविका यांचे साहाय्य घेऊन शब्दांचे व गोष्टींचे असे संकलन शाळेच्या पातळीवरही करता येण्याजोगे आहे.

दुसरी गोष्ट जतनाची. छापील ग्रंथ नाहीसे झाले आणि हस्तलिखिते टिकली, ती घराघरांतील पेट्यांमध्ये. आपल्या गावांतील जुनी पोथी, मोडीतील दप्तर, देवळाचे, दर्ग्याचे वा चर्चचे नोंदवहीतील कागद यांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. ग्रामपंचायतीने अशा साहित्याची एक साधी यादी केली आणि शिक्षकांनी त्याची ओळख मुलांना करून दिली, तरी पुढील अभ्यासकाचे अर्धे काम होईल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. या भाषेची थोरवी गाणाऱ्यांमध्ये समुद्रापलीकडून आलेला आणि तिला प्रयत्नाने आपलीशी केलेला एक शिक्षकही आहे. ज्या लिपीत आपले पुस्तक छापले जावे म्हणून त्याने १६०८ मध्ये वरिष्ठांना साकडे घातले, ती लिपी आज प्रत्येक शाळेच्या फळ्यावर आहे आणि तिच्यासाठी सहाशे साचे ओतण्याची गरज उरलेली नाही. त्या सोयीचा उपयोग घरच्या बोलीतून शाळेत येणाऱ्या शेवटच्या बाकावरील मुलापर्यंत पोहोचविणे, हे काम मात्र अजून पुरे झालेले नाही.